रुतलेली शेंग

मार्गशीर्षात बोईसरच्या बाजारात वालाच्या शेंगांचे ढीग दिसायला लागले की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. निघालेली असते साबण आणायला, आणि जाऊन उभी राहते शेंगांपुढे. भाजीवाली विचारते, "किती देऊ?" आणि मी नुसती बघत असते. तिला बिचारीला काय माहीत, की शेंग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे भाजी येत नाही, होडी येते. फायबरची, पोपटी रंगाची, दोन माणसांना कंबरेपर्यंत गिळून बसणारी होडी. आणि तिच्या मागोमाग तो अख्खा हिवाळा येतो, ज्या हिवाळ्यात आमच्या दातिवऱ्याच्या घरात एकालाही मोकळा श्वास घेता येत नव्हता.

ती होडी दादानं केली होती. दामोदर त्याचं नाव, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. बोईसरला एका कारखान्यात पाण्याच्या फायबरच्या टाक्या बनवायचा. कुठल्याशा जुन्या मासिकात त्यानं चित्र पाहिलं, नदीवर लांबट होडीत बसलेली दोन परदेशी माणसं, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं, आणि चेहऱ्यावर ना जाळ्याची काळजी ना वाऱ्याची. कयाक म्हणतात तिला, असं त्यानं आम्हाला सांगितलं. झालं, वेड लागलं. सगळा पावसाळा तो ड्यूटी संपल्यावर कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये तिच्यावर राबला. त्याच्या शर्टाला, हातांना, अगदी जेवणाच्या डब्यालाही त्या रसायनाचा उग्र वास यायचा. आई डबा राखेनं घासून घासून थकली.

दिवाळीनंतर टेंपोतून होडी गावात आली तेव्हा बघायला ही गर्दी! आमचं घर वाडीवाल्यांचं, नारळ-केळी-चिकूचं, पण शेजार सगळा मासेमारीवाल्यांचा. पाण्याची पारख त्यांची. शेजारच्या जनामावशीनं कमरेवर हात ठेवून होडीभोवती एक फेरी मारली.

"अरे दाम्या, हिच्यात मासली ठेवशील कुठं?"

"मासली नाय गो मावशी. नुसतं फिरायचं."

"फिरायचं? पाण्यात?" मावशीनं सगळ्यांकडे बघून घेतलं. "का रं, एष्टी बंद झाली काय?"

हसून हसून लोकांची पोटं दुखली. जिच्या घरातले दोन पुरुष पाण्यानं नेले होते तिला पाणी ही मौजेची जागा वाटेल तरी कशी? पण नाव तिनंच ठेवलं. दोन भोकांत दोघं बसल्यावर म्हणाली, "दोन दाण्यांची शेंग हाय ही." तेव्हापासून कयाक कुणी म्हणालं नाही. शेंगच.

आता मुद्द्याचं सांगते. दादाचं एका मुलीवर मन बसलं होतं. वाणगावची सुलभा. बोईसरलाच औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जायची. जातीतली, घरंदाज, नाव ठेवायला जागा नाही. दादा घरी बोलला, आमचे वडील, आबा, वाणगावला जाऊन आले, आणि येताना निरोप घेऊन आले. सुलभाचे वडील, तात्या, मुलगी द्यायला तयार होते, पण साटंलोटं करणार असाल तर. म्हणजे त्यांची सुलभा आमच्या दादाला, आणि मी त्यांच्या थोरल्या वसंताला. एक घ्या, एक द्या. खर्च वाचतो, नातं घट्ट होतं, आणि एकीला कुणी छळलं तर दुसरीला तेवढंच छळायची सोय राहते. ही शेवटची गोष्ट कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण सगळ्यांना पाठ असते.

मी तेव्हा पालघरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. मला परीक्षा द्यायची होती, पुढं शिक्षिका व्हायचं होतं. तात्यांचं म्हणणं, परीक्षा कशाला, चिकू मोजायला बी.ए. लागत नाही. वसंताला मी एकदाच पाहिलं होतं, कुणाच्या तरी हळदीत, जिलेबी वाढताना. माणूस वाईट नव्हता. पण जिलेबी चांगली वाढतो म्हणून काय जन्म काढायचा?

मी हो म्हणाले तर माझं संपलं. नाही म्हणाले तर दादाचं संपलं. आणि माझा दादा कसा होता! लहानपणी मला गोवर आला तर माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपणारा. त्याच्या तोंडचा घास काढून मी पुस्तकं वाचायची? बरं, कुणी जबरदस्ती करत होतं म्हणावं तर तेही नाही. आरडाओरडा असता तर भांडले तरी असते. इथं सगळे गोड. आई माझ्या ताटात जास्तीची भाकरी ठेवायची. काकूनं उकडहंडी केली, मडक्यात शेंगा-कंद घालून, आणि पहिली वाटी मला. कोनफळाचा तो तुकडा मी वाटीतच फिरवत राहिले. एवढं मोठं घर, मागं वाडी, पुढं अंगण, पण एकटीनं रडायला कोपरा म्हणून नव्हता. विहिरीवर गेले की मागोमाग कुणीतरी कळशी घेऊन यायचं. मी आपली मूग गिळून गप्प.

अष्टमीला तात्या मंडळी सुपारी फोडायला येणार असं ठरलं. त्या दिवशी सकाळी दादा म्हणाला, "शालू, चल, शेंगेतून चक्कर मारून येऊ." आईनं लगेच मान डोलावली. मी ओळखलं, ह्याला माझं मन वळवायला धाडलंय. तरी गेले. घराबाहेर पडायला मिळत होतं ना.

त्या चकरेचं काय सांगू! वैतरणेच्या खाडीवर कोवळं ऊन होतं, पाण्यावरून धुकं नुकतं उठत होतं. शेंगेत बसलं की आपण पाण्यावर नसतोच, पाण्यात असतो. कोपर जरा खाली केलं की बुडतं. एका बाजूनं वल्हं मारायचं, दुसऱ्या बाजूनं मारायचं, थेंब मनगटावरून बाहीत शिरतात, गार. तिवरांच्या मुळांशी बगळे उभे. आवाज म्हणून फक्त पाण्याचा चुबुक चुबुक. कामाशिवाय, कारणाशिवाय पाण्यात जाण्यात काय सुख असतं ते मला त्या सकाळी कळलं. इतके दिवस छातीवर ठेवलेला वरवंटा कुणीतरी उचलला असं वाटलं. मी मोठ्यानं हसलेसुद्धा.

"आतल्या फाट्यात जाऊया," दादा मागून म्हणाला. "तिथं कोण नसते."

खाडीचा एक फाटा तिवरांतून आत आमच्या बांधाच्या दिशेनं जातो. पाणी उतरतीला लागलं होतं, मी तसं म्हटलंही. दादा म्हणाला, "भांग हाय गो आज. पाणी कितीसं उतरंल?" खाडीकाठच्या कुणालाही विचारा, भांगेचं, म्हणजे अष्टमीचं, पाणी आळशी. धड भरत नाही, धड ओसरत नाही. दादाचा हिशोब बरोबरच होता. फक्त त्या पावसाळ्यात फाट्यात गाळ साचून उंचवटा झाला होता, आणि भरतीच्या वेळी तो दिसत नव्हता. ज्याला पाण्याचं काही कळत नाही असा माणूस घाबरून आत गेलाच नसता. आम्हाला थोडंफार कळत होतं, म्हणून आम्ही गेलो.

आत जाऊन दादानं वल्हं आडवं ठेवलं. मग म्हणाला, "शालू, आज ते येतील."

"माहीत आहे."

"तू काय ते सांग. तू नाय म्हटलंस तर मी..."

मी समोरच्या तिवराच्या फांदीकडे बघत राहिले. रागही आला, मायाही आली. "तू काय करशील? सुलभेला विसरशील? मग तसं म्हण की!" मी म्हणाले. "सगळे मला विचारतात, म्हणजे काय, हो म्हणवून घेतात. आजवर एकानं तरी नाही ऐकायच्या तयारीनं विचारलंय का मला?"

उत्तर यायच्या आतच शेंगेचं बूड कशाला तरी टेकलं. दादानं वल्ह्यानं रेटलं. वल्हं चिखलात कोपरभर गेलं आणि होडी जागची हलली नाही. बघता बघता दोन्ही बाजूंनी पाणी सरकलं, चिखल उघडा पडला, त्यावर निवट्या, चिखलातले ते चिमुकले मासे, टुणटुण उड्या मारायला लागल्या. दादानं एक पाय बाहेर टाकून बघितला. मांडीपर्यंत गेला. कसाबसा ओढून परत घेतला, चप्पल मात्र तिथंच राहिली.

आता करायचं काय? काही नाही. पाणी येईपर्यंत बसायचं. खाडीच्या चिखलात उतरून चालायचं वेड कुणी करत नाही. पाय मुंग्यांनी भरले, ऊन डोक्यावर चढलं, घसा सुकला. चारी बाजूंनी पाण्याच्या देशात बसून प्यायला थेंब नाही. ना उठता येत, ना कुशीवर वळता येत. दातिवऱ्याच्या घरात जे होत होतं तेच इथं, फक्त इथं ते उघड्यावर. मला एकदम रडू कोसळलं. दादा मागून पाठीवर थोपटत राहिला, त्याचा हात चिखलानं थंडगार.

बांध फार लांब नव्हता. हाक पोचेल इतका. आधी जनामावशीनं पाहिलं, मग काय विचारता! अर्ध्या गावानं बांधावर ठाण मांडलं. "अरे, शेंग पिकली का रं?" "पाणी पाठवू काय, बादलीनं?" मावशी ओरडून म्हणाली, "झालं ना फिरून?" एरवी मीही हसले असते.

मग आबा आले. त्यांच्या मागं टोपी घातलेले तात्या, त्यांची बायको आणि वसंता. पाहुणे दुपारच्या एष्टीनं उतरून घरी आले तर घरात नवरा मुलगा नाही आणि नवरी मुलगीही नाही. दोन्ही चिखलात. आबांचा चेहरा इतक्या लांबूनही लाल दिसत होता. "गाढवा! पाव्हणे आले! ये बाहेर!" जसं काही दादा हौसेनं बसला होता.

तात्यांची बायको काळजीनं म्हणाली, "पोरीला ऊन लागंल हो." तात्या म्हणाले, "वसंता, जा, बघ काय होते का." वसंतानं नवी कोरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. जनामावशीनं चिंबोऱ्या-खेकडे धरायला जातात ती फळी दिली. त्या फळीवर एक गुडघा टेकून दुसऱ्या पायानं रेटत जायचं असतं, सवयीचं काम आहे. वसंता वाणगावचा, चिकूच्या झाडांवर चढणारा. निम्मी वाट आला, फळी तिरकी झाली, आणि स्वारी कमरेपर्यंत चिखलात. सरपटत, हात मारत तो कसाबसा शेंगेपर्यंत पोचला आणि तिची कड धरून उभा राहिला. वाचवायला आलेलाही अडकला. बांधावर हशा फुटला.

वसंताचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता. कपाळावर चिखल, धाप लागलेली. लग्न ठरवायच्या दिवशी नवरा-नवरीला इतकं जवळ आणि मोठ्यांपासून इतकं लांब कुणी कधी बसू दिलं नसेल. बांधावरच्यांना आम्ही दिसत होतो, ऐकू येत नव्हतो. मला कुठून धीर आला कोण जाणे.

"एक विचारू?" मी म्हणाले. "तुम्हाला करायचंय का हे लग्न?"

त्यानं बाहीनं कपाळावरचा चिखल पुसला. मग म्हणाला, "मला कोणी विचारलंच नाय अजून."

"मी विचारतेय."

त्यानं वळून बांधाकडं पाहिलं, मग चिखलाकडं. "खरं सांगू? मन नाय माजं. तुमी वाईट नाय हो. पण सुलूचं जमावं म्हणून मी मान हलवली. ती रडत व्हती. भाऊ हाय मी तिचा, काय करू?"

"मीही बहीण आहे," मी म्हणाले.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासारखंच अडकलेलं माणूस मला भेटलं होतं. आणि मागं, दुसऱ्या भोकात, दादा सगळं ऐकत होता. उठून जायची सोय नव्हती. आपल्या सुखासाठी दोन माणसं कशी बांधली जाताहेत ते त्याला तिथं बसून शब्दन् शब्द ऐकावं लागलं. शेवटी तो म्हणाला, "बास झालं."

पाणी आलं ते कुणाला न सांगता आलं. आधी निवट्या दिसेनाशा झाल्या, मग चिखलावरून एक पातळ चमक सरकत आली, आणि उन्हं कलल्यावर केव्हातरी शेंग बुडाखाली हलली. वसंतानं तिची शेपटी धरली, आम्ही वल्ही मारली, आणि तिघं बांधाला लागलो. माझे पाय माझे राहिले नव्हते. आईनं मला धरून वर घेतलं.

"चला, आता तरी सुपारी फोडू," आबा म्हणाले.

दादा बांधाच्या पायऱ्यांवरच उभा राहिला, नखशिखांत चिखल. "तात्या," तो म्हणाला, "सुलभा मला द्या. हात जोडून मागतो. पण शालू बदल्यात नाय मिळणार. तिला परीक्षा देऊ दे."

"आणि आमच्या वसंताचं?"

"त्यालाच विचारा की."

वसंता म्हणाला, "मला इतक्यात नाय करायचं, तात्या."

तात्यांचा आवाज चढला नाही. त्याचीच भीती वाटली. "आमची पोरगी काय वाटेवर पडलीय?" एवढंच म्हणाले, आणि बायकोला पुढं घालून चालायला लागले. घरातलं पाणीही घेतलं नाही. सुपाऱ्या, नारळ, पेढे सगळं तबकात तसंच राहिलं.

मला वाटलं होतं, सुटल्यावर हलकं वाटेल. छे! त्यानंतरचे दिवस आधीच्याहून जड गेले. आबा माझ्याशी बोलेनात. दादा कामावर जायचा, यायचा, जेवायचा, एक शब्द वावगा नाही. शेंग त्यानं वाडीत दोन माडांमध्ये उलटी टांगली. मी अभ्यासाला बसायचे आणि पानं नुसती उलटायचे. मोकळी झाले होते, पण त्या मोकळेपणाला दादाच्या उपाशी चेहऱ्याचा वास होता. कुणी मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. कुणी लावला नाही.

आणि संक्रांत झाल्यावर एक दिवस, भर दुपारी, अंगणात एक मुलगी येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. वसंतानं तिला एष्टीत बसवून दिलं होतं. आबा ओटीवर पान जुळवत होते. तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मी सुलभा. तुमी आमच्या तात्यांना विचारलंत, तात्यांनी तुमाला विचारलं. मला कोणी विचारलं नाय. म्हणून मीच सांगाय आले. मला या घरात यायचंय, बदल्यात काय नको."

आबांच्या हातातलं पान हातातच राहिलं. आई आतून पाणी घेऊन धावली. मी दाराला धरून उभी, लाजेनं कानाची पाळी लाल झालेली. चिखलात बसून आम्ही तिघांनी एकमेकांना विचारलं, खूप मोठेपणा केला, पण जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती आमच्या कुणाच्या ध्यानातच नव्हती.

गावच्या देवळात लग्न झालं. वाणगावहून एकटा वसंता आला. तात्यांनी सुलभेला निरोप धाडला, आता या दाराला तू मेलीस.

मी परीक्षा दिली. शिक्षिका झाले. माझं लग्न माझ्या होकारानं झालं, बोईसरला घर झालं. वसंतानंही मागाहून आपल्या पसंतीनं केलं. सगळ्यांचं सगळं झालं. वहिनीनं मात्र दातिवऱ्यात पाऊल टाकलं ते टाकलंच. तिला दिवाळीला कुणी न्यायला आलं नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची वेळ आली तेव्हा तिनं आमच्या आईचाच हात धरला. कधी वाद झाला, दादाचा आवाज चढला, तर इतर बायका पिशवी भरून माहेरी निघतात. ती वाडीत जाऊन माडांना पाणी घालायची. जायला दुसरं घरच नव्हतं तिला. आणि मी? नागपंचमी आली, मी माहेरी. शाळेला सुट्टी लागली, मी माहेरी. आंबा पिकला, मी माहेरी. वहिनी माझी पिशवी भरते, पोह्याचे पापड, सुके बोंबील, वाडीतली केळी. आईच्या माघारी तर माझं माहेर म्हणजे तीच.

गेल्या मार्गशीर्षात मी तिथंच होते तेव्हा वसंता आला, तात्या गेल्याचं सांगायला. वहिनी तशीच उठून त्याच्याबरोबर गेली. इतक्या वर्षांनी वाणगावच्या अंगणात उभी राहिली. तिच्या आईनं एकदा पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. ये म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही. वहिनी अंगणातूनच नमस्कार करून संध्याकाळी परत आली. आंघोळ केली, चूल पेटवली, तांदूळ निवडायला बसली. मी जवळ जाऊन बसले. मूठभर तांदूळ पुढ्यात ओढून निवडायला लागले.

दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. शाळा होती. पिशवी भरून मी ओटीवर आले तर ती दारात उभी.

"आज नको जाऊस शालूताई," ती म्हणाली. "तू येतेस ना, तेवढे दिवस मला वाटते, मीच माहेराला आलेय."

मी पिशवी आत नेऊन ठेवली.